धूर विरतो, पण संपत नाही

(गावच्या हवेतील ओझोन वायूविषयी धडा)



पाणी गढूळ झाले की डोळ्यांना दिसते. अन्न नासले की नाकाला कळते. पण हवा बिघडली तर? कधी धूर दिसतो, कधी धूळ दिसते. परंतु हवेत असाही एक वायू असतो, की जो डोळ्यांना दिसत नाही आणि सहसा नाकालाही कळत नाही. तो वाढला की पिकाचे पान आतून जाळतो. माणसाची छाती आवळतो. त्या वायूचे नाव ओझोन.

खराब हवा ही शहराची गोष्ट आहे, असे पुष्कळांना वाटते. ते पुरते खरे नाही. ओझोन शेतशिवारातही असतो. कधी कधी तर शहरातल्या रस्त्यापेक्षा खेड्यातल्या वावरात तो जास्त वेळ टिकतो. असे का होते? तो येतो कुठून? त्याला आळा घालता येईल का? हे आपण या धड्यात पाहू.

१. आपला मुलूख

यवतमाळ जिल्ह्यात नेर तालुका आहे. अमरावतीहून यवतमाळला जाणारा रस्ता नेरवरून जातो. इथे कापूस, सोयाबीन आणि तूर होते. विहिरीला पाणी असेल तिथे गहू आणि हरभरा होतो.

कापूस वेचून झाला की वावरात पऱ्हाटी उरते. लोक ती उपटतात, ढीग करतात आणि काडी लावतात. उन्हाळा लागला की धुरे जाळतात. सकाळ-संध्याकाळ चुली पेटतात. रस्त्याने ट्रक धावतात. या सगळ्यांचा धूर वर जातो. थोड्या वेळाने आभाळ मोकळे दिसते. आपण म्हणतो, "धूर गेला."

धूर गेला नाही. विरला. मीठ पाण्यात विरघळले म्हणजे ते नाहीसे झाले काय? पाणी चाखले की मीठ कळते. धुराचेही तसेच आहे. त्यातले वायू हवेतच राहतात. आणि वर ऊन तापले की त्यांच्यापासून एक नवाच वायू तयार होतो. तोच ओझोन.

२. ओझोन म्हणजे काय?

आपण श्वासावाटे प्राणवायू घेतो. प्राणवायूचे कण दोन-दोनच्या जोडीने राहतात. ओझोनमध्ये हेच कण तीन-तीन असतात. दोघांची जोडी पक्की असते. तिसरा मात्र सैल असतो. तो सुटायला पाहतो. सुटला की जे भेटेल त्याला धरतो आणि त्याला हळूहळू जाळतो. पान भेटले तर पानाला, फुप्फुस भेटले तर फुप्फुसाला, रबर भेटले तर रबराला.

या वायूला नाव दिले श्योनबाइन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने. तो स्वित्झर्लंडमधील बाझल या गावी शिकवत असे. त्याने १८४० साली हे नाव जगापुढे मांडले. ग्रीक भाषेतील 'वास येणे' या शब्दावरून ते नाव घेतले आहे. विजेची ठिणगी उडते तिथे कधी कधी एक तिखट वास येतो. तो ओझोनचा वास.

३. वरचा ओझोन आणि खालचा ओझोन

शाळेत जाणारी मुले म्हणतील, "बाबा, ओझोन तर चांगला असतो. आमच्या पुस्तकात लिहिले आहे." मुलांचे म्हणणे खरे आहे. पण ते वरच्या ओझोनबद्दल आहे.

जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोनचा थर आहे. सूर्याचे काही किरण फार घातक असतात. हा थर ते किरण अडवतो. तो आपली छत्री आहे. ती छत्री वाचवण्यासाठी १९८७ साली कॅनडातील माँट्रियल शहरी अनेक देशांनी करार केला. १६ सप्टेंबर हा दिवस त्यासाठीच पाळतात.

आपण ज्याबद्दल बोलत आहोत तो ओझोन जमिनीलगतचा आहे. तो आपल्या नाकाशी आणि पिकाच्या पानाशी असतो. वायू एकच, पण जागा बदलली की गुण बदलला. आग चुलीत असली तर भाकर भाजते. तीच गंजीत गेली तर घात करते. तसेच हे आहे.

४. विरजणाचे उदाहरण

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. धुराड्यातून धूर निघतो, तसा ओझोन बहुधा कशातून थेट बाहेर पडत नाही. तो हवेतच तयार होतो. कसा? दही लागते तसा.

दही लावायला तीन गोष्टी लागतात. दूध, विरजण आणि ऊब. यातली एक नसली तर दही लागत नाही. ओझोनलाही तीन गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट, वाफा. पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडले की वास येतो. रंग दिला की वास येतो. ओले लाकूड धुमसले की वास येतो. त्या वासाबरोबर हवेत वाफा मिसळतात. हे झाले दूध.

दुसरी गोष्ट, नत्राचे वायू. नत्र शब्द शेतकऱ्याला नवा नाही. युरियात नत्र असते. आपल्या हवेतही मोठा भाग नत्राचाच आहे. जिथे फार मोठी आच असते, जसे की इंजिनात किंवा वीज केंद्राच्या भट्टीत, तिथे हवेतले नत्र आणि प्राणवायू एक होतात. त्यांचे नत्राचे वायू बनतात. हे झाले विरजण. विरजण थोडेच लागते, पण ते पुष्कळ दुधाचे दही करते. नत्राचे वायूही तसेच. थोडे असले तरी पुष्कळ ओझोन तयार करतात.

तिसरी गोष्ट, ऊन. ही झाली ऊब.

म्हणूनच ओझोन दुपारी वाढतो आणि पहाटे कमी असतो. पावसाळ्यात आभाळ भरलेले असते, पाऊस हवा धुतो, तेव्हा तो कमी असतो. आपल्याकडे थंडी सरली, ऊन चढू लागले की तो वाढतो. नेमके त्याच दिवसांत पऱ्हाटी आणि धुरे जळत असतात.

५. दूध आणि विरजण येते कुठून?

आता आपल्या भागात या गोष्टी कुठून येतात ते एकेक करून पाहू.

(१) गाड्या. ट्रक, ट्रॅक्टर, मोटारसायकल यांच्या धुरात नत्राचे वायू असतात आणि न जळलेल्या इंधनाच्या वाफाही असतात. म्हणजे दूध आणि विरजण एकत्रच. नेर शहरातून मोठा रस्ता जातो. उत्तरेला अमरावती जिल्ह्यातून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जातो. तो ७०१ किलोमीटर लांब आहे. २०२५ साली तो पूर्ण खुला झाला.

(२) कोळशावरची वीज केंद्रे. चंद्रपूरला २९२० मेगावॅटचे मोठे केंद्र आहे. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा येथे आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथेही आहे. त्यांची धुराडी फार उंच असतात. त्यामुळे त्यांतले नत्राचे वायू दूरवर जातात.

(३) वावरातला जाळ. पऱ्हाटी, तुराट्या, कुटार, धुऱ्यावरचे गवत. हे जळते तेव्हा वाफाही सुटतात आणि नत्राचे वायूही सुटतात. ओले असले तर धूर जास्त.

(४) चुली आणि भट्ट्या. लाकूड आणि गोवरी यांच्या धुरात वाफा आणि विषारी कोळवायू असतो. तोही ओझोन तयार होण्यास मदत करतो. विटांच्या भट्ट्यांचेही तेच.

(५) युरिया. हे ऐकून नवल वाटेल. पण जमिनीत बारीक जंतू असतात. ते खतातल्या नत्राचे रूप बदलतात. ते करताना थोडे नत्र वायू होऊन जमिनीतून वर निघते. तापलेल्या कोरड्या जमिनीवर पाऊस पडला की हा वायू एकदम जास्त सुटतो. पिकाला लागेल त्याहून जास्त युरिया टाकला, तर उरलेले नत्र पाण्यात जाते, नाहीतर हवेत जाते. म्हणजे पैसे आपण दिले आणि विरजण हवेला मिळाले.

(६) फवारणीची औषधे. काही औषधे तेलासारख्या द्रवात विरघळवलेली असतात. फवारल्यावर तो द्रव उडून जातो. त्याच्याही वाफा होतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सॅन वोकीन नावाचे शेतीचे मोठे खोरे आहे. तिथे ओझोन फार वाढतो. म्हणून तिथल्या सरकारने अशा औषधांच्या वाफांवरही बंधने घातली आहेत.

(७) मिथेन. गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच हा वायू. गुरांच्या रवंथातून, शेणाच्या ढिगातून, कचऱ्याच्या डोंगरातून तो निघतो. तो हवेत सुमारे दहा-बारा वर्षे टिकतो आणि सगळ्या जगभर पसरतो. त्याच्यापासून ओझोन हळूहळू बनतो.

(८) निसर्ग. झाडे वाफा सोडतात. आभाळात वीज कडाडते तेव्हा नत्राचे वायू बनतात. हे पूर्वीपासून चालत आले आहे. म्हणून कोणी झाडे तोडू नयेत. झाडांच्या वाफा म्हणजे नुसते दूध. विरजण नसेल तर दूध दूधच राहते. विरजण माणसाने वाढवले आहे.

६. खेड्यात जास्त का?

शहरातल्या गजबजलेल्या रस्त्यावर गाड्यांचा ताजा धूर सतत येत असतो. ताज्या धुरातला नत्राचा एक वायू ओझोनलाच खाऊन टाकतो. त्यामुळे रस्त्याच्या कडेला, आणि रात्री तर विशेष, ओझोन कमी होतो.

पण तो धूर वाऱ्याबरोबर पुढे सरकतो. वाटेत ऊन लागते, झाडांच्या वाफा मिळतात. दही लागते. हवा गावी पोचते तेव्हा तिच्यात ओझोन तयार झालेला असतो. गावात त्याला खाणारा ताजा धूर कमी. म्हणून तो तिथे जास्त वेळ राहतो.

आणखी एक गोष्ट. गावात दूध पुष्कळ असते, विरजण थोडे असते. म्हणून गावाच्या हवेत विरजणाची थोडी भर पडली, तरी तिचा परिणाम जास्त होतो.

७. हे शोधून कसे काढले?

अमेरिकेत लॉस एंजेलिस नावाचे मोठे शहर आहे. १९४३ साली तिथे एक विचित्र धुके पडले. लोकांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. घसे जळू लागले. लोकांनी एका रबराच्या कारखान्याकडे बोट दाखवले. कारखान्याचे काम थांबवले, तरी धुके पडतच राहिले. शहराजवळच्या मळ्यांत पालेभाजीच्या पानांवर डाग पडू लागले. कीड दिसेना, रोग दिसेना.

तिथे हागेन-स्मिट नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. ते अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते. त्यांनी शहराच्या हवेकडे लक्ष वळवले. पेट्रोलच्या वाफा आणि नत्राचे वायू एकत्र केले, त्यावर ऊन पाडले, आणि पाहिले. ओझोन तयार झाला! वाकवून ताणलेल्या रबराच्या पट्ट्या त्यांनी हवेत ठेवल्या. ओझोन असेल तर त्या पट्ट्यांना चिरा पडत. १९५२ साली त्यांनी हा शोध छापून सांगितला. दोष एका कारखान्याचा नव्हता. घरोघरच्या मोटारींचा त्यात मोठा वाटा होता. ज्यांचे डोळे चुरचुरत होते, त्यांच्याच दारात त्या गाड्या उभ्या होत्या.

८. पिकाचे काय होते?

पानाला बारीक बारीक तोंडे असतात. त्यांतून पान हवा घेते. हवेबरोबर ओझोनही आत शिरतो आणि पानाच्या आतला भाग जाळतो. पान लवकर म्हातारे होते. ते अन्न कमी बनवते. मग दाणा नीट भरत नाही. वजन घटते.

सगळ्या पिकांना सारखा त्रास होत नाही. गहू आणि सोयाबीन नाजूक आहेत. कापसालाही बाधते. ज्वारी त्यामानाने काटक आहे. सोयाबीन पावसाळ्यात वाढते, तेव्हा आपल्याकडे ओझोन कमी असतो. पण गव्हाचा दाणा भरतो तेव्हा ऊन वाढू लागलेले असते.

पुण्यात भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी इतर शास्त्रज्ञांच्या साथीने एक हिशेब केला. तो २०१४ साली छापला गेला. त्यांनी संगणकावर गणित मांडून अंदाज काढला, की २००५ या एका वर्षात ओझोनमुळे भारतात सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ कमी पिकला. एवढे धान्य ९ कोटी ४० लाख गरिबांना पुरले असते, असे त्यांनी म्हटले. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण नुकसान लहान नाही, एवढे त्यावरून कळते.

वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी दुसऱ्या रीतीने पाहिले. त्यांनी शेतात वरून उघड्या, आरपार दिसणाऱ्या खोल्या उभारल्या. काही खोल्यांत नेहमीची हवा सोडली. काहींत गाळून स्वच्छ केलेली हवा सोडली. स्वच्छ हवेतला गहू जास्त पिकला.

९. सावधान! डाग दिसला म्हणून फवारू नका

ओझोनने कधी कधी जुन्या पानांच्या वरच्या बाजूला बारीक ठिपके पडतात. शिरांच्या मधली जागा फिकी किंवा तांबूस होते. पण पुष्कळदा एकही डाग दिसत नाही आणि उत्पन्न मात्र घटते.

उलट, प्रत्येक तांबडे पान ओझोनचे नसते. कपाशीवर लाल्या येतो तो बहुधा अन्नद्रव्य कमी पडल्याने किंवा थंडीने येतो. तुडतुडे आणि फुलकिडे यांनीही पाने बिघडतात. म्हणून पान घेऊन कृषी सहायकाला दाखवावे.

एक गोष्ट पक्की आहे. ओझोनचा डाग कीटकनाशकाने जात नाही. अंदाजाने फवारणी करू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते दुःख अजून ताजे आहे. ज्या फवारणीने पिकाचे भले होणार नाही, तिच्यासाठी जीव धोक्यात घालू नये.

१०. माणसाचे काय होते?

ओझोन वाढला की घसा खवखवतो. खोकला येतो. खोल श्वास घेतला की छातीत दुखते. दम्याच्या माणसाला जास्त त्रास होतो. लहान मुले, म्हातारी माणसे आणि भर दुपारी उन्हात कष्ट करणारे मजूर, यांना जपले पाहिजे. कष्टाच्या कामात श्वास मोठा असतो, म्हणून वायूही जास्त आत जातो.

सरकारने २००९ साली मर्यादा ठरवली. आठ तासांची सरासरी काढली, तर एक घनमीटर हवेत ओझोन १०० मायक्रोग्रॅमहून जास्त नसावा. घनमीटर म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी पेटी. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर एक भाग म्हणजे मायक्रोग्रॅम. इतका थोडा वायूही पुरेसा होतो!

तोंडाला रुमाल बांधला तर धूळ अडते. वायू अडत नाही. म्हणून दम्याच्या माणसाने जड काम सकाळी उरकावे. दुपारी घरात किंवा सावलीत बसावे. खोकला थांबत नसेल तर दवाखान्यात जावे.

११. वर्गातले बोलणे

आबा : गुरुजी, आमच्या गावात कारखाना नाही. मंग हा वायू कुठून येते?

गुरुजी : आबा, तुमच्या वावरात पऱ्हाटी पेटवली, तेव्हा धूर कुठे गेला?

आबा : गेला वर. वाऱ्यानं नेला.

गुरुजी : कोणत्या गावाकडे नेला?

आबा : ते कोन पाहाते, गुरुजी!

गुरुजी : बरोबर. पलीकडच्या गावचे लोकही पाहत नाहीत. शहरवालेही पाहत नाहीत. सगळ्यांचा धूर सगळ्यांच्या हवेत जातो.

काकू : मंग चूलबी पेटवू नाही का आमी? गॅसची टाकी संपली त लेकरायले का खाऊ घालू?

गुरुजी : चूल बंद करा, असे मी म्हणत नाही, काकू. लेकरांचे पोट आधी. पण लाकूड वाळलेले घ्या. धूर बाहेर जायला वाट ठेवा. गॅस असेल त्या दिवशी गॅसच वापरा. चुलीचा धूर आधी तुमच्याच छातीत जातो.

एक तरुण : गुरुजी, पऱ्हाटी ठेवली त बोंडअळी वाढते म्हणतात. म्हणून आमी जाळतो.

गुरुजी : पऱ्हाटी वेळेवर काढलीच पाहिजे. ती रचून ठेवली तर अळी तिच्यात दडून राहते, हेही खरे. पण काढणे वेगळे आणि जाळणे वेगळे. यंत्राने तिचे तुकडे करता येतात. ते मातीत गाडता येतात. त्यांचे खत होते.

तरुण : यंत्राले पैसे लागते. आगपेटी दोन रुपयात येते.

गुरुजी : तू खरे बोललास. अडचण तिथेच आहे. एकट्याला यंत्र परवडत नाही. दहा जणांनी मिळून आणले तर खर्च वाटला जातो. म्हणून हे काम एकट्याचे नाही.

आबा : मंग चूक कोनाची म्हणाव?

गुरुजी : आबा, दही लागले तर ते विरजणाच्या कोणत्या थेंबाने लागले, हे सांगता येईल का? थेंब लहान-मोठे आहेत, हे मात्र खरे. वीज केंद्र आणि महामार्ग यांचा थेंब मोठा. आपला लहान. मोठ्यांना जाब विचारायचा, तर आपला लहान थेंब आधी कमी करावा. मग बोलायला तोंड राहते.

१२. आपल्या हातात काय आहे?

पऱ्हाटी, तुराट्या, कुटार जाळू नका. बारीक करून जमिनीत गाडा, किंवा खड्ड्यात टाकून कंपोस्ट करा. जाळल्याने त्यातले नत्र हवेत जाते आणि जमीन उपाशी राहते. पऱ्हाटीपासून जळणाच्या कांड्या आणि लाकडासारख्या फळ्याही होतात. कापसावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थांनी त्याच्या रीती काढल्या आहेत. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. कृषी सहायकामार्फत तिथली माहिती मिळवता येते.

युरिया मापाने द्या. ४५ किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. माती तपासून घ्या. सगळा युरिया एकदम न टाकता हप्त्याने द्या. वर फेकू नका, मातीने झाका. कडुनिंबाचे तेल लावलेल्या युरियातले नत्र सावकाश सुटते.

फवारणी गरज असेल तरच करा. ट्रॅक्टरचे आणि डिझेल पंपाचे इंजिन दुरुस्त ठेवा. काळा धूर म्हणजे फुकट गेलेले डिझेल. जमेल त्याने विजेचा किंवा सौर पंप घ्यावा. शेणाचा ढीग उघडा ठेवण्यापेक्षा गोबरगॅस बांधला, तर मिथेन शेगडीत जळतो. घरचे जळण वाचते आणि खतही मिळते. गावचा कचरा आणि प्लॅस्टिक जाळू नका.

१३. गावाने मिळून काय करावे?

काही गोष्टी एका शेतकऱ्याच्या हातात नाहीत. वीज केंद्राच्या धुराड्यातून काय निघावे, ट्रकचा धूर किती असावा, हे कायद्याने ठरते. हवेचे प्रदूषण रोखण्यासाठी १९८१ साली कायदा झाला. राज्यात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे. ते १९७० साली स्थापन झाले. आता तुम्हाला लिहिता येते. अर्ज लिहा. आमच्या भागातला ओझोन मोजा, असे मागा. हवा मोजण्याची यंत्रे बहुतेक शहरांत बसवतात. पण पीक खेड्यात उभे असते. ज्याचे पीक, त्याला हवेचा आकडा कळला पाहिजे.

ग्रामसभेत हा विषय काढा. पऱ्हाटी कुटण्याचे यंत्र गावाने मिळून आणावे का, तेही विचारा. ठराव झाला की तो वहीत लिहिला गेला का, ते स्वतः वाचून पाहा. वाचता येण्याचा उपयोग तोच.

ध्यानात ठेवा

वरचा ओझोन राखतो, खालचा ओझोन जाळतो.
वाफा, नत्राचे वायू आणि ऊन मिळून ओझोन होतो.
ओझोनच्या डागावर फवारणीचे औषध नाही.
दम्याच्या माणसाने दुपारी जड काम करू नये.
पऱ्हाटी काढावी, पण जाळू नये.

कठीण शब्द

नत्र : खतातला एक मुख्य अंश, हवेतही असतो.
कोळवायू : कमी हवेत जळताना निघणारा विषारी वायू.
मिथेन : गोबरगॅसमधला जळणारा वायू.
घनमीटर : एक मीटर लांब, रुंद आणि उंच एवढी जागा.

उत्तरे सांगा

१. ओझोन तयार व्हायला कोणत्या तीन गोष्टी लागतात?
२. पहाटेपेक्षा दुपारी ओझोन जास्त का असतो?
३. शहरातला धूर गावात येईपर्यंत काय होते?
४. तुमच्या गावात विरजणाचे थेंब कुठून कुठून पडतात? वहीत यादी लिहा.
५. त्यातला कोणता थेंब तुम्ही या वर्षी कमी करू शकता? घरी विचार करा आणि पुढच्या वर्गात वाचून दाखवा.